सातपैकी सात रानवांगी

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आटोपल्यावर आमच्या संशोधन केंद्रात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि काच नसलेल्या चौकटीत एक प्रमाणपत्र. जमिनीतल्या किडीला दाद न देणारी सात रानटी वांगी मी शोधून काढली, असं त्यावर छापलं आहे. वर्ध्याशेजारच्या सिंदी मेघेतल्या माझ्या घरात ते टीव्हीच्या वर अजून लटकतं आहे. बायको म्हणते काढा. मी काढत नाही. रोज सकाळी चहा पिताना आपण किती मोठे गाढव आहोत हे भिंतीवर लेखी दिसावं, ही सोय सगळ्यांच्या घरी नसते.

कीड म्हणजे सूत्रकृमी. डोळ्यांना दिसत नाही. मातीत राहते, वांग्याच्या मुळात शिरते आणि मुळावर गाठी उठतात, मण्यांच्या माळेसारख्या. वर झाड दुपारी मान टाकतं. शेतकरी पाणी देतो, झाड आणखी मान टाकतं. फवारणी पानावर बसते आणि कृमी खाली आरामात जेवतात. सेलूकडच्या वांग्यांच्या वावरांत हे दुखणं पसरलं, तेव्हा आमच्या साहेबांनी मीटिंग घेतली. साहेब पुण्याकडचे. बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, त्यामुळे ते घड्याळालाच सूचना देत आहेत असं वाटायचं.

"आपल्या वांग्याचे हजारो वर्षं लाड झालेत," साहेब म्हणाले. "त्याचे रानटी नातेवाईक मात्र या कृमींसोबतच वाढले. त्यांच्यातल्या एखाद्याच्या मुळात नैसर्गिक प्रतिकारशक्ती असणारच. ती शोधा. मग त्या मुळावर आपल्या वांग्याचं कलम बांधू."

ऑफिसातली हरवलेली पंचिंग मशीन शोधायला सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. कल्पना त्यांची नव्हती, पण खोटीही नव्हती. जगात ठिकठिकाणी असं काम चालतं. मी पडलो तांत्रिक सहायक. कुंड्या मोजणं, लेबलं लावणं आणि रजिस्टर भरणं हे माझं शास्त्र. तरी मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात एक भिंग अडकवून स्कूटरवर निघालो. त्या भिंगातून कृमी दिसत नाही. मला ते माहीत होतं. पण भिंग घातलं की चहाच्या टपरीवर लोक बाकावर सरकून जागा देतात.

दोन महिने मी एसटी स्टँडामागे, रेल्वेच्या कुंपणाकडेला, कालव्याच्या काठाने काटे गोळा करत फिरलो. टपरीवरचा एक जण म्हणाला, "सायेब, काटे जमा करून राह्यले काय? आमच्या वावरात लय हायेत. घेऊन जा, वरून चहा पाजतो."

मी त्याला नैसर्गिक प्रतिकारशक्तीवर दहा मिनिटं भाषण दिलं. त्याने चहा पाजला, काटे मात्र दाखवले नाहीत.

पहिलं सापडलेलं झाड मी मोठ्या मानाने रोपवाटिकेत आणलं, 'रान-एक' असं लेबल लावलं आणि आठ दिवस रोज त्याची उंची मोजली. नवव्या दिवशी रोपवाटिकेतल्या काकू तिथून जाता जाता थांबल्या.

"सायेब, हे कायचं होय?"

"रानवांगं."

"धोतरा होय तो. महादेवाले वाहतात. याले वांगे कवा लागन?"

या काकू आमच्या रोपवाटिकेत वीसेक वर्षं रोजाने काम करतात. कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारा केंद्रात कुणी नाही. आणि केंद्रात पीएचडी झालेले तिघं आहेत. सेलूच्या पुढे त्यांचं अर्धा एकर वावर आहे. एका बाजूला विहीर, बाकी सगळं वांग्यांचं. त्या वांग्यांना सेलूच्या बाजारात ओळखून गिऱ्हाईक यायचं. लग्नाच्या पंगतीचा आचारी आदल्या दिवशी घरी येऊन सांगून जायचा. लागोपाठ तीन हंगाम कृमीने ती वांगी आडवी केली. शेजारचं वावर प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याने आधीच घेतलं होतं. चुन्याच्या रेघा काकूंच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, येऊन थांबल्या होत्या. काकूंचे यजमान म्हणत होते, यंदा वांगी जगली तर ठीक, नाही तर संक्रांतीनंतर वावर त्याला देऊन टाकू. काकूंना वावर सोडायचं नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कलमाला क्लिप लावता लावता, मान वर न करता.

प्रयोगाला रोगट माती पाहिजे होती, ती मी काकूंच्याच वावरातून आणली. पोती भरून झाल्यावर त्यांनी चहा दिला. चहा पिता पिता विहिरीजवळच्या धुऱ्यावर मला एक काटेरी झुडूप दिसलं, बारीक पिवळी फळं लागलेलं. चार फळं खिशात टाकली. तेच माझं 'रान-पाच'. पण रजिस्टरात 'संकलनाचे ठिकाण' असा एक रकाना असतो, आणि साहेबांना त्या रकान्यात दुर्गम काहीतरी वाचायला आवडतं. चहा पिताना सापडलं असं लिहिणं मला बरं वाटलं नाही. मी लिहिलं, 'दुर्गम टेकडी, झुडपी जंगल'. टेकडीची उंचीही लिहिली. अंदाजे.

अशी धोतरा वगळून, त्याचं लेबल दुसऱ्याला लावून, सात झाडं जमली. आता खरी परीक्षा. सगळ्या कुंड्यांत काकूंच्या वावराची तीच रोगट माती. काहींत सात रानटी रोपं, काहींत आपलं नेहमीचं वांगं. आपल्या वांग्याच्या मुळांना गाठी आल्या आणि एखाद्या रानट्याच्या मुळांना नाही, तर तो आपला माणूस. इतकं सोपं. यात चूक करायला खास प्रशिक्षण लागतं, आणि मला ते सरकारी खर्चाने मिळालेलं होतं.

आपल्या वांग्याचं बी आठवड्यात उगवलं. रोपं तयार होताच पोत्यांतल्या त्याच रोगट मातीच्या कुंड्या भरून ती हिरव्या जाळीखाली ठेवली. रानट्यांचं बी मात्र उगवेना. ते आपल्या मर्जीने येतं. पण त्यांच्या कुंड्या मी आधीच भरून ठेवल्या होत्या, कारण मला कामं वेळेआधी झालेली दाखवायची असतात. त्या ठेवायच्या कुठे? मी सांगितलं, बाहेर फरशीवर. जाळीखाली लाडाच्या रोपांची जागा. रानटी झाडाला सावली कशाला?

मे महिना. वर्ध्याचा मे. फरशीवर पाय ठेवला की चपलेतून कळतं. भरीला वारं सुटलं, माती उडू लागली आणि केंद्रातली मांजरं कुंड्यांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली. म्हणून मी माती ओली करून घेतली आणि फरशीवरच्या सगळ्या कुंड्यांवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून बांधलं. स्वतः बांधलं. कडा मातीने दाबल्या. कामाचा फोटोही काढला.

काकूंनी प्लास्टिकवर हात ठेवला आणि झटकन काढला. "सायेब, माती शिजून राह्यली."

"काकू, रान म्हणजे रान. त्याला काही होत नाही."

"रानाले नाई म्हनत मी. मातीले म्हनून राह्यली."

मी भिंग साफ केलं आणि ऑफिसात पंख्याखाली जाऊन बसलो. चारेक आठवडे ती माती तशीच तापत राहिली. मग रानट्यांची रोपं तयार झाली, प्लास्टिक काढलं, रोपं लावली, पाऊस आला.

जुलैच्या शेवटी मुळं धुतली. आपल्या वांग्याची मुळं गाठींनी भरलेली, बघवत नव्हती. रानट्यांची सातही मुळं स्वच्छ. एक गाठ नाही. मी भिंगातून बघितलं, साहेबांनी चष्म्यातून बघितलं, पीएचडीवाल्या तिघांनी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकातून बघितलं. सातपैकी सात. निसर्गाने इतकं उदार व्हायचं काही कारण नव्हतं. वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या जातीची सात झुडपं. त्यातलं एक एसटी स्टँडामागच्या उकिरड्यावरचं. आणि सगळी एकजात वीर? एवढा एक प्रश्न विचारायला अक्कल लागत नाही. तरी पाच शिकलेल्या माणसांतल्या एकानेही तो विचारला नाही. पाचवा मी.

साहेबांनी अहवाल वर पाठवला. झेंडावंदन झालं, शाल मिळाली. मी भाषणात म्हणालो की शास्त्रज्ञाला डोळे उघडे ठेवावे लागतात. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत काकू बुंदी वाटत होत्या. टाळ्या वाजवायला त्यांचे हात मोकळे नव्हते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी विचारलं, "सायेब, खरंच एकालेबी गाठी नाई?"

"एकालाही नाही."

"मंग मी माया वावरात लावतो. इथं रोपं हायेत, कलम मी बांधतो. साहेबाले विचारून द्या."

विचारलं. साहेब उदार मनाने घड्याळाकडे बघून हो म्हणाले.

सप्टेंबरात शेतकऱ्यांचं एक प्रशिक्षण होतं. त्यात माझं एक ठरलेलं व्याख्यान असतं: उन्हाने माती कशी शुद्ध करावी. किती वर्षांपासून देतो ते आठवत नाही. झोपेतही देऊ शकतो, बहुतेक वेळा तसंच देतो. रोपवाटिकेच्या भिंतीवर त्याचं मोठं पोस्टर आहे आणि त्यात माझाच हात प्लास्टिक ताणताना दिसतो. मी पोस्टरवर काठी ठेवून म्हणालो, "कडक उन्हाळ्यात माती ओली करा. वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा. कडा मातीने दाबा. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. आतली माती तापते आणि सूत्रकृमी मरतात."

बोरगाव मेघेहून आलेल्या एका माणसाने हात वर केला. त्याच्याकडे वावर नव्हतं, गच्चीवर भाजी लावायचा. "सायेब, हे कुंडीतल्या मातीलेबी चालते काय?"

पोस्टरच्या बरोबर खाली ती फरशी होती. कुंड्यांच्या बुडांची गोल वर्तुळं अजून तिच्यावर उमटलेली होती.

"चालतं," मी म्हणालो. "कुंडीत तर फारच छान चालतं."

पुढचं व्याख्यान कुणी दिलं मला आठवत नाही. बहुधा मीच. रानट्यांच्या मुळांवर गाठी नव्हत्या कारण त्या मातीत गाठी आणायला कुणी जिवंतच नव्हतं. मी कृमींना भाजून मारलं होतं, स्वतःच्या पोस्टरखाली, स्वतः शिकवतो त्याच पद्धतीने, एकही पायरी न चुकता. आयुष्यात इतकं बिनचूक काम मी दुसरं केलेलं नाही.

दोन दिवस धीर गोळा करून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघून.

"अहो, पण सत्कार झालेला आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"अहवाल वर गेलेला आहे. आता त्यात दुरुस्ती करायची तर ती पुढच्या अहवालात, योग्य शब्दांत करू."

ते योग्य शब्द अजून सापडलेले नाहीत. शोधायचं काम माझ्याकडे दिलेलं नाही, एवढीच त्यातली शहाणपणाची गोष्ट.

राहिल्या काकू. त्या आठवड्यात त्या कामावर नव्हत्या, वावरात लावणी होती. फोन करता आला असता. मी केला नाही. पहिल्या दिवशी स्कूटरचं काम निघालं, दुसऱ्या दिवशी पाऊस होता, तिसऱ्या दिवशी पाऊस नव्हता पण येईल असं वाटत होतं. चौथ्या दिवशी माझ्याकडे कारणं संपली आणि मी सेलूला गेलो. काकू धुऱ्यावर बसून पायाची माती खरवडत होत्या. समोर वावर. शेवटची ओळ लावून झालेली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्लास्टिक, ऊन, पोस्टर, आणि चुकवलेले चार दिवस. त्या पायाची माती खरवडत राहिल्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "सांगाले चार दिस काऊन लागले?"

"लाज वाटली."

"चार दिसांपूर्वी वाटाले पाह्यजे होती. तवा रोपं टोपल्यात होती."

त्यांनी खुरप्याने वावराकडे दाखवलं. "ते पाहा. सात पट्टे हायेत."

मी बघितलं. प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी काडी, काडीला कापडाची चिंधी, प्रत्येक वेगळ्या रंगाची.

"सातही लावले? कोणतंही एक पुरलं असतं."

"तुमच्यावर भरवसा असता तं एकच लावलं असतं. सोपं बी पडलं असतं." त्या उठल्या. "साती सारखे कसे निघतात, सायेब? मायी एका मायच्या पोटची चार लेकरं हायेत. एकबी दुसऱ्यासारखं नाई. आता जे व्हाचं ते होईन. चहा घ्या."

चहा घेतला. तोही मी घेतला, यावरून माझी कल्पना करावी.

म्हणजे जी परीक्षा केंद्राच्या फरशीवर व्हायला पाहिजे होती, ती काकूंच्या वावरात झाली, त्यांच्या हंगामावर. आमच्याकडे कुंडी मेली तर रजिस्टरात रेघ मारतात. तिथे रेघा मारायला धुऱ्यापलीकडे लेआउटवाला चुन्याची पाटी घेऊन तयार होता. मी दर रविवारी जाऊ लागलो. मदत म्हणून नव्हे. माझी मदत काय असते ते आतापर्यंत कळलं असेल. दसऱ्यानंतर दोन नंबरचा पट्टा पिवळा पडू लागला. दिवाळीत एक आणि सात नंबरने दुपारी मान टाकली. उकिरड्यावरचं चार नंबर तर सगळ्यांत आधी झोपलं, पण त्याला वाळवीनेही गाठलं, त्यामुळे कुणी आधी मारलं ते कळलं नाही. तीन आणि सहा रडतखडत उभे होते, फळं सुपारीएवढी. काकूंचे यजमान रविवारी धुऱ्यावर बसून बिडी ओढत, आणि मी आलो की म्हणत, "या शास्त्रज्ञ. आज कोन गेलं?"

पाच नंबरचा पट्टा हिरवा राहिला. सुरुवातीला मला वाटलं विहिरीजवळ आहे, पाणी जास्त मिळत असेल. काकूंनी सांगितलं की पाणी सगळ्यांना सारखं जातं, तुमची कुंडी नव्हे ही. डिसेंबरात त्या पट्ट्यातली वांगी बाजारात गेली. जुना आचारी परत घरी आला. पण एका पट्ट्याने लग्नाची पंगत उठत नाही. त्यांनी त्याला तसंच सांगून परत पाठवलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुळं उपटायची असं ठरलं. यजमानांनी लेआउटवाल्याला दुपारची वेळ दिली होती. सकाळी थंडी होती. मी सत्काराची शाल पांघरून गेलो होतो, कारण ती कशाला तरी उपयोगी पडावी असं मला वाटत होतं. ती थंडीलाही उपयोगी नाही. काकूंनी प्रत्येक पट्ट्यातली तीन-तीन झाडं उपटली, विहिरीच्या पाण्यात धुतली आणि गोणपाटावर ओळीने मांडली. एक, दोन, तीन, चार, सहा, सात. गाठी. कुठे जास्त, कुठे कमी, पण गाठी. यजमानांनी बिडी विझवली.

मग पाच नंबरची. काकूंनी मुळं धुतली, बोटांनी मोकळी केली, परत धुतली. लांब, पिवळसर, गुळगुळीत. दुसरं झाड तसंच. तिसरं तसंच. त्याच मातीत, त्याच कृमींत चार महिने उभं राहून.

मी सवयीने भिंग काढलं. काकू म्हणाल्या, "राहू द्या."

मग त्यांची नजर कलमाच्या जागेखाली फुटलेल्या एका फुटव्यावर गेली. पान तोडून त्यांनी उलटं केलं, कोवळ्या रोपांवर नव्हते ते पाठीमागचे काटे बघितले, आणि विहिरीकडच्या धुऱ्याकडे बघितलं. मी शाल सारखी करू लागलो.

"सायेब, हे कुठून आनलं होतं तुमी?"

"रजिस्टरात बघावं लागेल."

"रजिस्टरात काय लिवलं?"

"टेकडी," मी म्हणालो. "दुर्गम."

त्या हसायला लागल्या. खाली बसून हसल्या. मग यजमानांना हात धरून धुऱ्यावर घेऊन गेल्या आणि ते झुडूप दाखवलं. त्या मेलेल्या वांग्यांच्या पन्नास पावलांवर ते कितीतरी वर्षं उभं होतं. यजमान दर उन्हाळ्यात तोडायचे, ते परत फुटायचं. त्यांनी झुडपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शालीकडेही.

"म्हंजे सरकारच्या कागदात आपली विहीर टेकडीवर हाय," ते म्हणाले.

"अंदाजे," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि लेआउटवाल्याला लावला. त्याने उचलेपर्यंत ते पाच नंबरच्या मुळांना अंगठ्याने चाचपत होते. "दुपारी येऊ नका," ते फोनवर म्हणाले. "नाई, जमत नाई. आमचं वावर टेकडीवर निंगालं. टेकडीवर कोन प्लॉट पाडते?" पलीकडून बराच वेळ काही बोलणं चाललं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला.

काकूंनी तोवर झुडपाची पिकलेली फळं पदरात तोडायला सुरुवात केली होती. सगळं वावर एका मुळावर आणायचं म्हणजे बी भरपूर पाहिजे.

"उन्हाळ्यात कलमं बांधाले येजा," त्या मला म्हणाल्या. "पन प्लास्टिक घरी ठेवून."

गोणपाटावरची गाठी आलेल्या सहाही पट्ट्यांची मुळं मी गोळा केली आणि केंद्रात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मग विचारलं, पाच नंबर कुठे आहे, आणि त्या टेकडीवर जीप जाते का.